नामहीन यंत्राची हाक : नेटवर्कवरून संगणक सुरू करण्यात राउटरच्या इंटरफेसचे कार्य

१. प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी भायखळ्यातील एका शिक्षणसंस्थेच्या भाषाप्रयोगशाळेतील चोवीस संगणक एका सकाळी एकदम बंद पडले. बंद पडले असे म्हणण्यापेक्षा ते उठलेच नाहीत असे म्हणणे अधिक यथार्थ होय. वीज होती, पडदे उजळत होते. परंतु प्रत्येक पडद्यावर कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असल्याचा तोच संदेश उमटे आणि थोड्या वेळाने यंत्र थांबे. या संगणकांत हार्ड डिस्क नव्हती. बोली बोलणाऱ्या माणसांनी विश्वासाने दिलेली ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांनी ऐकावीत, त्यांचे लेखन करावे, पण त्यांच्या प्रती यंत्रांत मागे राहू नयेत, या हेतूने ती रचना मुद्दाम केलेली होती. यंत्र सुरू करण्यास लागणारे सर्व साहित्य तळमजल्यावरच्याच एका सर्व्हरवरून येत असे. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरते म्हणून आदल्या दिवशी तो सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर नेण्यात आला होता, आणि दोन मजल्यांच्या नेटवर्कांमध्ये राउटर होता. यंत्रे जुनीच होती. त्यांचे आयुष्य संपले असा निष्कर्ष निघाला आणि ती भंगारात काढण्याचा कागदही तयार झाला. वस्तुतः एकाही यंत्रात बिघाड नव्हता. राउटरच्या एका इंटरफेसवर एक ओळ लिहावयाची राहून गेली होती.

ती ओळ कोणती, ती नेमक्या त्याच इंटरफेसवर का लिहावी लागते आणि तिच्या अभावी निर्दोष यंत्रे मुकी का होतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय तंत्रज्ञांचा खरा. परंतु त्याच्या गाभ्याशी असलेला प्रश्न भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ज्याला स्वतःचा ठावठिकाणा माहीत नाही असा वक्ता ‘इथे’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा श्रोत्याने त्याचा अर्थ कसा लावावा, हा तो प्रश्न होय.

२. एक इंजिन, अनेक यंत्रे

भायखळा, लालबाग, परळ या भागाशी परिचय असलेल्या वाचकास डिस्कविरहित संगणकाची कल्पना परकी वाटू नये. वाफेवर चालणाऱ्या कापडगिरणीत प्रत्येक मागाला स्वतःचे इंजिन नसे. इंजिनघर एकच असे. तेथील मोठ्या चाकावरून दोरखंडांच्या साहाय्याने शक्ती मजल्यामजल्यावर जाई, छताखाली फिरणाऱ्या लांब शाफ्टांवर चढे आणि पट्ट्यांवाटे एकेका यंत्रावर उतरे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली; त्यानंतर ही रचना क्रमाक्रमाने पालटत गेली आणि पुढे यंत्रायंत्राला आपापली मोटर मिळाली. या गिरण्यांना कुशल माणसे पुरविणारी व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९२३ साली माटुंग्यास जाण्यापूर्वी भायखळ्यासच होती. एका ठिकाणाहून अनेक यंत्रे चालविण्याचे शास्त्र या भागास नवे नाही, एवढेच यावरून दाखवावयाचे आहे.

स्वतःची हार्ड डिस्क असलेला संगणक हा स्वतःची मोटर असलेल्या मागासारखा आहे. तो स्वतंत्र असतो; पण चोवीस संगणक असले तर चोवीस ठिकाणी प्रणाली बसवावी लागते, चोवीस ठिकाणी ती दुरुस्त करावी लागते, आणि कोणी काही साठवून ठेवले असेल तर चोवीस ठिकाणी शोध घ्यावा लागतो. डिस्कविरहित संगणक पुन्हा इंजिनघराच्या पद्धतीकडे वळतो. प्रणाली एकाच सर्व्हरवर असते, आणि प्रत्येक यंत्र सुरू होताना ती नेटवर्कवरून आपल्या स्मृतीत उतरवून घेते. १९९९ साली सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने हीच पद्धत जुन्या, दुर्बळ संगणकांना उपयोगी पडेल अशा रीतीने मांडली. तुटपुंज्या निधीवर चालणाऱ्या शाळांच्या व प्रयोगशाळांच्या दृष्टीने तिचे महत्त्व उघड आहे. मात्र इंजिनघरापासून यंत्रापर्यंतची पट्टी कोठेही निसटता कामा नये. आपणांस या पट्टीचाच विचार करावयाचा आहे.

३. डोंबाऱ्याचा खांदा

कितीही तरबेज डोंबारी झाला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, असा एक दृष्टान्त संस्कृत शास्त्रग्रंथांत येतो. संगणकापुढची पहिली अडचण नेमकी हीच आहे. आज्ञावली स्मृतीत आणण्यासाठी आधी कोणती तरी आज्ञावली चालू असावी लागते. इंग्रजीत या अवघड कृत्यास बुटाच्या वरच्या कडेस लावलेले पट्टे धरून स्वतःलाच वर उचलण्याची उपमा देत. त्या पट्ट्यांच्या नावावरून ‘बूटस्ट्रॅप’ आणि त्याचा संक्षेप होऊन ‘बूट’ हा शब्द संगणकशास्त्रात रूढ झाला. ‘मशीन बूट होत नाही’ हे वाक्य ऐकून ज्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात पायातला बूट येतो, तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने चुकत नाही.

डोंबाऱ्याला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा लागतो. डिस्कविरहित यंत्रात हे काम नेटवर्क कार्डावर किंवा मुख्य फलकावर कायम कोरलेली एक लहानशी आज्ञावली करते. तिचे स्वरूप ठरविणारे ‘पीएक्सई’ हे विनिर्देश इंटेल कंपनीने प्रसृत केले, त्यांची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मधील आहे. या आज्ञावलीला स्वतःविषयी फार थोडे ठाऊक असते. कार्डाच्या निर्मात्याने दिलेला ४८ बिटांचा एक क्रमांक, म्हणजे मॅक क्रमांक, तेवढा तिच्यापाशी असतो. हा क्रमांक म्हणजे अंगावरच्या जन्मखुणेप्रमाणे आहे. ‘हा कोण’ याचे उत्तर त्यातून मिळते. ‘हा कोठे’ याचे मिळत नाही. एकच यंत्र भायखळ्यातून उचलून दादरला नेले तरी त्याचा मॅक क्रमांक तोच राहतो. उलट आयपी पत्ता हा ठिकाणाशी बांधलेला असतो, आणि नेमका तोच या यंत्रापाशी नसतो.

४. चाळीतील हाक

ज्याला स्वतःचा पत्ता नाही आणि सर्व्हरचाही पत्ता माहीत नाही, त्याने काय करावे? चाळीच्या चौकात शिरलेला नवखा मनुष्य जे करतो तेच. तो मध्यभागी उभा राहून मोठ्याने हाक मारतो. ज्याला उत्तर देणे शक्य असेल तो देतो. यंत्राची ही हाक डीएचसीपी या संकेतानुसार जाते. पाठविणाऱ्याच्या जागी ०.०.०.० असे लिहिलेले असते, म्हणजे ‘मला पत्ता नाही’. घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असते, म्हणजे ‘जो कोणी ऐकेल तो’. सर्व्हर ज्यावर कान देऊन असतो ते द्वार ६७ क्रमांकाचे आणि यंत्र ज्यावर उत्तराची वाट पाहते ते ६८ क्रमांकाचे. आत मॅक क्रमांक आणि आपण नेटवर्कवरून सुरू होऊ इच्छितो ही सूचना असते.

सर्व्हर त्याच चाळीत असेल तर काम सोपे असते. हाक त्याच्या कानी पडते आणि तो उत्तर देतो. परंतु चाळीच्या भिंतीपलीकडे हाक जात नाही. दोन नेटवर्कांमध्ये राउटर असतो, आणि अशी सर्वांना उद्देशून मारलेली हाक पुढे न नेणे हा त्याचा नियम आहे. हा नियम शहाणपणाचा आहे. प्रत्येक चाळीतील प्रत्येक हाक साऱ्या शहरात ऐकू येऊ लागली तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. राउटरला जितक्या बाजू, तितकी त्याला दारे असतात. या दारांनाच ‘इंटरफेस’ म्हणतात. प्रत्येक इंटरफेसला त्या त्या नेटवर्कातील एक आयपी पत्ता दिलेला असतो. आपल्या प्रयोगशाळेतील सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर गेला तेव्हा चोवीस यंत्रांच्या हाका तळमजल्याच्या दारापर्यंत येत होत्या आणि नियमानुसार तेथेच विरत होत्या.

५. ‘इथे’ म्हणजे कोठे?

हाक नुसती पलीकडे पोहोचविली म्हणजे भागते काय? येथे व्याकरणाकडे वळावयास हवे. ‘हा’, ‘तो’ यांसारखी दर्शक सर्वनामे आणि ‘इथे’, ‘तिथे’ यांसारखी स्थलवाचक अव्यये यांना बोलण्याच्या ठिकाणाशिवाय निश्चित अर्थ नसतो. भायखळा स्थानकाच्या फलाटावर आपणांस एक चिठ्ठी सापडली आणि तीत ‘मी इथेच आहे, लवकर या’ एवढाच मजकूर असला, तर व्याकरणदृष्ट्या वाक्य शुद्ध असूनही त्याचा काही उपयोग नाही. ‘इथे’चा अर्थ चिठ्ठी लिहिली गेली त्या जागी राहिला, चिठ्ठी तेवढी प्रवासाला निघाली.

यंत्राची हाक ही अशीच चिठ्ठी आहे. ‘मी अमुक क्रमांकाचा, इथे आहे, इथल्यापैकी एक पत्ता मला द्या’ असा तिचा आशय. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरला ती जशीच्या तशी मिळाली, तर कोणत्या मजल्याच्या पत्त्यांपैकी पत्ता द्यावा हे तो ठरवू शकत नाही, आणि उत्तर कोणत्या दारी पाठवावे हेही त्यास कळत नाही.

ही अडचण सुटण्यास काही काळ लागला. जून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएआरपी’ या संकेतात यंत्र आपला मॅक क्रमांक सांगून आपला आयपी पत्ता विचारी. परंतु तो संवाद आयपीच्या खालच्या थरावर चालत असल्याने राउटरपलीकडे जाऊच शकत नसे. परिणामी प्रत्येक नेटवर्कात एक स्वतंत्र सर्व्हर ठेवावा लागे. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ हा संकेत मांडला आणि त्याच्या संदेशात एक नवा रकाना ठेवला. यंत्र तो रकाना शून्य ठेवून पाठविते. हाक पलीकडे नेणारा मध्यस्थ, ज्या इंटरफेसवर ती ऐकू आली त्याचा पत्ता त्या रकान्यात लिहितो. राल्फ ड्रोम्स यांनी सिद्ध केलेल्या डीएचसीपीने (१९९३, सुधारित रूप १९९७) संदेशाची हीच रचना कायम ठेवली.

या एका रकान्यात सर्व मर्म आहे. राउटर हाकेचा शब्दही बदलत नाही. तो केवळ तिच्यातील ‘इथे’चा अर्थ लिहून देतो. त्या पत्त्यावरून सर्व्हर ओळखतो की विचारणारा अमुक नेटवर्कातील आहे. त्याच नेटवर्कातील मोकळा पत्ता तो निवडतो आणि उत्तर त्याच इंटरफेसच्या पत्त्यावर धाडतो. म्हणून यंत्रांच्या बाजूच्या इंटरफेसला पत्ता नसला, चुकीचा असला किंवा तेथे हाक नेण्याची आज्ञा नसली, तर सर्व्हर कितीही उत्तम असून उपयोग होत नाही.

६. एक उदाहरण

तळमजल्यावरील यंत्रांचे नेटवर्क १९२.१६८.१०.० असून त्या बाजूच्या इंटरफेसचा पत्ता १९२.१६८.१०.१ आहे असे मानू. तिसऱ्या मजल्याचे नेटवर्क १९२.१६८.२०.०, त्या बाजूचा इंटरफेस १९२.१६८.२०.१ आणि सर्व्हर १९२.१६८.२०.५. दोन्ही नेटवर्कांचा मास्क २५५.२५५.२५५.०.

सिस्को कंपनीच्या राउटरवर तळमजल्याच्या इंटरफेसच्या रचनेत शिरून प्रथम त्याचा पत्ता व मास्क द्यावा लागतो, मग इंटरफेस चालू स्थितीत आणावा लागतो, आणि शेवटी रोमी लिपीत एक आज्ञा लिहावी लागते. तिचा उच्चार ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस १९२.१६८.२०.५’ असा. हीच ती राहून गेलेली ओळ. तिचा अर्थ, ‘या दारावर ऐकू आलेली हाक या सर्व्हरकडे पोहोचव’. लिनक्स चालविणाऱ्या यंत्राकडून राउटरचे काम घेतले असेल तर हेच कार्य करणारी वेगळी रिले आज्ञावली चालू ठेवावी लागते; तिलाही ऐकण्याचा इंटरफेस आणि सर्व्हरचा पत्ता सांगावा लागतो. तत्त्व एकच.

आता क्रम पाहू. यंत्र हाक मारते. राउटर रकान्यात १९२.१६८.१०.१ लिहून ती १९२.१६८.२०.५ कडे धाडतो. सर्व्हर १९२.१६८.१०.० या नेटवर्कातील एखादा पत्ता, समजा १९२.१६८.१०.५१, देऊ करतो. सोबत मास्क, बाहेर पडण्याचे दार म्हणून १९२.१६८.१०.१, आणि सुरुवातीची फाइल कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या नावाने आहे, हेही सांगतो. यंत्र तो देकार स्वीकारल्याचे कळविते व सर्व्हर त्यास दुजोरा देतो. येथपर्यंत आल्यावर यंत्र नामहीन राहत नाही. पुढची फाइल ते टीएफटीपी या साध्या संकेताने मागते, आणि ती मागणी पत्त्यावरून पत्त्याकडे जाणारी असल्यामुळे राउटर ती नेहमीच्या रीतीने पुढे नेतो.

टीएफटीपीची चाल मात्र मंद आहे. मूळ संकेतात फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी जाते आणि प्रत्येक तुकड्याची पोच आल्याखेरीज पुढचा निघत नाही. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ६५,५३५ तुकड्यांत सुमारे ३२ मेगाबाइट जातात. एका फेरीस एक सहस्रांश सेकंद लागला तरी एवढ्या फाइलीस एक मिनिटाहून अधिक काळ लागेल. १९९५ साली तुकड्याचा आकार वाढविण्याची सोय झाली. ती वापरणे इष्ट.

७. नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे आज्ञा सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसवर लिहिणे. सर्व्हरचा पत्ता त्या बाजूचा, म्हणून आज्ञाही तिकडेच असावी असा समज होतो. पण ऐकावयाचे आहे यंत्रांकडे. आज्ञा तिथेच हवी.

दुसरी, राउटरची रचना बरोबर असूनही सर्व्हरवर त्या नेटवर्कासाठी पत्त्यांचा संच नोंदलेला नसणे. ‘इथे’चा अर्थ कळला तरी तेथे देण्यासारखे काही नसेल तर सर्व्हर गप्प राहतो.

तिसरी, परतीची वाट नसणे. सर्व्हरला १९२.१६८.१०.० कडे जाण्याचा मार्ग ठाऊक नसेल तर प्रश्न पोहोचतो, उत्तर पोहोचत नाही. टीएफटीपीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. मागणी ६९ क्रमांकाच्या द्वारावर जाते, परंतु उत्तर सर्व्हरवरील नव्याच द्वारातून येते. मधल्या फायरवॉलला हे माहीत नसेल तर ती ते उत्तर अडविते.

चौथी चूक राउटरची नसून स्विचची असते. नेटवर्कात वर्तुळ तयार होऊ नये म्हणून स्विच नव्याने जोडलेल्या दारावर आधी १५ सेकंद नुसते ऐकतो व आणखी १५ सेकंद शिकतो. या ३० सेकंदांत तो काही पुढे नेत नाही. कित्येक यंत्रांचा धीर तेवढ्यात सुटतो. ज्या दारांना केवळ संगणक जोडलेले आहेत तेथे ही प्रतीक्षा काढून टाकण्याची सोय स्विचवर असते.

पाचवी, एकाच इंटरफेसला दोन नेटवर्कांचे पत्ते देणे. अशा वेळी राउटर सामान्यतः मुख्य पत्ताच रकान्यात लिहितो, आणि दुय्यम नेटवर्कासाठी योजलेल्या यंत्रांनाही मुख्य नेटवर्कातील पत्ते मिळतात.

८. नावाचा दोष आणि विश्वासाचा प्रश्न

ज्या रकान्याचे एवढे महत्त्व सांगितले त्याला १९८५ साली ‘गेटवे आयपी ॲड्रेस’ असे नाव देण्यात आले. यामुळे तो यंत्राने बाहेर पडताना वापरावयाच्या दाराचा पत्ता आहे, असा अनेकांचा समज झाला. वास्तविक ते दार सर्व्हर वेगळ्या ठिकाणी सांगतो; हा रकाना केवळ सर्व्हर आणि मध्यस्थ यांच्यापुरता आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या स्पष्टीकरणपर लेखात हे नाव नीट निवडले गेले नसल्याची कबुली देण्यात आली आणि मध्यस्थाला ‘रिले एजंट’ हे अधिक अर्थवाही नाव देण्यात आले. पुढे आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी २००३ साली डीएचसीपीचा नवा संकेत आला, तेव्हा समान कार्य करणाऱ्या रकान्यास ‘लिंक-ॲड्रेस’ म्हटले गेले. यंत्र ज्या जोडणीवर आहे तिचा पत्ता, हा अर्थ नावातच आला. परिभाषा हा वरवरचा अलंकार नसून चुकीच्या नावामुळे चांगली यंत्रेही अडून बसतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

एक धोकाही लक्षात ठेवला पाहिजे. चौकात मारलेल्या हाकेला कोणीही ओ देऊ शकतो. त्याच नेटवर्कात कोणी दुसरा सर्व्हर जोडला आणि त्याने आधी उत्तर दिले, तर यंत्र त्याचीच प्रणाली उतरवून घेईल. टीएफटीपीत समोरच्याची ओळख पटविण्याची काहीच सोय नाही. यास्तव डीएचसीपीची उत्तरे कोणत्या दारातून येऊ द्यावीत हे स्विचवर ठरवून द्यावे, आणि यंत्रात फाइलीची सही तपासण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. नव्या यंत्रांत एचटीटीपीवरून सुरू होण्याची सोय असते. तिचा अंतर्भाव यूईएफआयच्या २०१५ सालच्या २.५ या आवृत्तीत झाला. ध्वनिमुद्रणे देणाऱ्या माणसांना आपण जे वचन दिले, ते डिस्क काढून टाकल्याने आपोआप पाळले जात नाही.

९. समारोप

भायखळ्याच्या त्या प्रयोगशाळेत तळमजल्याच्या इंटरफेसवर ती ओळ लिहिली गेली, सर्व्हरवर त्या नेटवर्काचा पत्त्यांचा संच नोंदला गेला, आणि चोवीसही यंत्रे उठली. भंगाराचा कागद मागे घेण्यात आला. तेथील साहाय्यक अनुभवी होते. यंत्रे उठली नाहीत हे सर्वांआधी त्यांच्याच ध्यानात आले होते; परंतु राउटरसोबतची पुस्तिका इंग्रजीत असल्याने पुढे काय पाहावे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आता राउटरशेजारच्या भिंतीवर मराठीत लिहिलेला एक कागद आहे. त्यावर चार प्रश्न आहेत. यंत्रांच्या बाजूच्या इंटरफेसला योग्य पत्ता आहे काय? त्याच इंटरफेसवर सर्व्हरकडे हाक नेण्याची आज्ञा आहे काय? सर्व्हरवर त्या नेटवर्काचे पत्ते नोंदलेले आहेत काय? सर्व्हरला परतीची वाट ठाऊक आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असूनही यंत्र उठले नाही, तर स्विच व फायरवॉल तपासावी. यंत्राच्या आयुष्याविषयीचा निर्णय त्यानंतर घ्यावा.